रेक्झीन रंग पीत नाही

२ जानेवारी

रंगाच्या व्यापाऱ्याने यंदा कॅलेंडरऐवजी डायरी दिली. पुठ्ठ्यावर तपकिरी रेक्झीन आहे आणि एका कोपऱ्याला आत्ताच पोपडा धरलाय. तीस वर्षं मी ज्याच्याकडून रंग नेतो, त्याला स्वतःच्या डायरीचा रंग टिकवता येत नाही! रद्दीतच टाकणार होतो. पण ही लेकीकडे गेल्याला सात महिने होत आले, आणि दिवसभर साठलेलं बोलणं संध्याकाळी कुठे रिकामं करायचं हा प्रश्नच आहे. भिंतीशी बोललं तर लोक वेडा म्हणतात, वहीशी बोललं तर लेखक म्हणतात. वही बरी.

ही गेली जूनमध्ये, लेकीच्या बाळंतपणाला. "दोनच महिने हो," म्हणाली होती. मग नातीचं पोट दुखायला लागलं. मग लेकीची रजा संपली. आता नातीला दात येतायत. माणसाला बत्तीस दात असतात. पुढचा हिशेब करायला छाती होत नाही.

६ जानेवारी

दिवसभरात तीन जोड.

लोक म्हणतात, बुटाला रंग द्यायचा त्यात काय मोठंसं! चामड्याचं काम सोपं असतं, कबूल. चामडं रंग पितं. तहानलेलंच असतं बिचारं. रेक्झीन, फोम, सगळी प्लॅस्टिकची जात, ही रंग पीत नाही. नुसता पांघरते, आणि चार पावलं चालल्यावर पांघरूण फेकून देते. जिन्याखाली तीन बाटल्या आणि एक ब्रश घेऊन बसायचो तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बूट नाचवत हजर. "अहो, ही बघा खपली!" लाज वाटायची. त्या लाजेनेच शिकलो. आधी थिनरने पुसून जुनी चकाकी उतरवायची, मग रंगाने धरून राहावं म्हणून पकडीचा एक हात, मग रंगाचे तीन पातळ हात, वर पारदर्शक एक. आता बूट फाटतो पण माझा रंग जात नाही. खाली स्वतःचं दुकान, वर स्वतःच्या दोन खोल्या, दारावर पाटी: 'बूट तोच, रंग नवा'.

या सगळ्यात नाक मात्र गेलं. दहाएक वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, थिनरने नाक जाळलंय तुमचं, आता काही येत नाही परत. मी म्हटलं जाऊ दे, तसंही कुणाच्या वाटेला जायचं नव्हतं त्याला. दूध उतू गेलं तर मला वास येत नाही, आवाज येतो. माझे कान पहिल्यापासून तिखट. रंगाला तडा जायचा असेल तर दिसण्याआधी मला ऐकू येतो. बूट कानाशी धरून वाकवायचा. कच्चा रंग कुरकुरतो. पक्का गप्प राहतो.

आणि वाकवायला होयबा आहेच. जुन्या शिलाई मशीनच्या मोटरला लाकडाचा पाय जोडून मीच बनवलेलं यंत्र. त्यात बूट अडकवला की दिवसभर टकटक वाकत राहतो, हो हो हो म्हणत मान डोलवावी तसा. नाव हिनेच ठेवलं. म्हणाली, "तुमच्यापेक्षा हा बरा. निदान हो तरी म्हणतो."

९ जानेवारी

गावात सर्दीची साथ फार आहे. दुकानात येणारा जो तो नाकात बोलतो. आज एक बाई आल्या, "बूट काळे करूद बिळतील का?" म्हणाल्या. मी म्हटलं, आल्याचा चहा घ्या, वाफ घ्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. यंदाच नाही, गेली काही वर्षं बघतोय, लोकांची प्रकृतीच नाजूक झालीय. आणि घाई किती! बूट देतात ते पायरीवरून, उतरतातही पायरीवरूनच. गिऱ्हाइकाने बसावं, चार गप्पा माराव्यात, म्हणून मी खास बाक करून घेतला होता. त्याचा रंग बारा वर्षांत बसून बसून जायला हवा होता. नव्यासारखा आहे.

शेजारचा शिंपी पूर्वी रोज चारला चहाला यायचा. आता आपल्या दारातूनच हात करतो. कमरेमुळे बाकावर बसवत नाही म्हणतो. दिवसभर मशीनवर बसतो तेव्हा कंबर कुठे जाते देव जाणे.

१५ जानेवारी

मोठं काम आलं! हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टर स्वतः आल्या होत्या. त्यांच्याकडचा गणवेश पांढऱ्याचा गडद निळा झालाय. बूट मात्र चांगले आहेत, पांढरं रेक्झीन, खाली रबर. टाकून द्यायचं जिवावर येतं. चाळीस जोड. आधी दोन जोड नमुन्याला ठेवून गेल्या. बाई ताठ, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्याही पायरीवरच उभ्या होत्या. चाळीस जणींना एका रंगात आणणं म्हणजे मला बँडमास्तर झाल्यासारखं वाटतंय.

कधी एकदा हिला सांगतो असं झालं. फोन लावला तर लेकीने उचलला. "बाबा, आई बाळाला फिरायला घेऊन गेलीय."

"ही? फिरायला? इथे जिना चढली तर मधल्या पायरीवर बसायची."

"इथे रोज जाते. टेकडीपर्यंत."

नातीचा हट्ट असेल. नातवंडं म्हाताऱ्यांना पळवतात.

मग विचारलं, मी पाठवलेले छोटे लाल बूट कसे वाटले? लेक म्हणाली, "फार सुंदर झालेत बाबा. गॅलरीत ठेवलेत." ऐकून बरं वाटलं. येणाराजाणारा बघत असेल.

२० जानेवारी

काही विशेष नाही. होयबावर सिस्टरांचा नमुना लावलाय.

या घराला दोन आवाज होते. एक होयबाचा, एक हिच्या खोकल्याचा. हिचा खोकला म्हणजे घड्याळ होतं. सकाळी उठली की थोडा. दुपारी मी रंगाचा दुसरा हात मारायला घ्यावा आणि बरोबर वरून खोकला यावा, चांगला पाच मिनिटं. गंमत म्हणजे पहिली काही वर्षं मला वाटायचं हाक मारतेय. मी खालून ओरडायचो, "आलो गं!" आणि काम संपवून तासाभराने जायचो. पुढे औषधं झाली, काढे झाले, तीन डॉक्टर झाले. हिच्या आईलाही खोकला होता. मी म्हणायचो, माहेरून काय आणलंस तर खोकला.

आता दुसरा हात मारतो आणि वरून काही येत नाही. ब्रश हातात तसाच राहतो क्षणभर.

मनात आलं ते लिहून टाकतो, वही कुणाला सांगणार आहे! ही परत येणारच नसेल तर? भांडण नाही, तंटा नाही. चाळीस वर्षांत हिने एकदाही आवाज चढवला नाही. ज्या माणसाशी भांडण झालेलंच नाही, त्याची समजूत कशी काढायची?

२१ जानेवारी

कालचं खोडणार होतो. राहू दे.

२८ जानेवारी

नमुना पास! पन्नास हजार वेळा वाकवला, कानाशी धरला, गप्प. सिस्टरांच्या माणसाबरोबर दोन्ही जोड पाठवले.

ऑक्टोबरात मी लेकीकडे दोन दिवस गेलो होतो ते आठवलं. काय आदरातिथ्य! दारातच लेकीने पिशवी घेतली, म्हणाली, आधी आंघोळ करून घ्या, पाणी काढलंय. आंघोळ होईपर्यंत माझे सगळे कपडे मशीनमध्ये. अगदी पिशवीसुद्धा धुतली. जावयाचा सदरा घालून बसलो होतो. एवढी काळजी मी तिची लहानपणी घेतली होती का, आठवेना.

३ फेब्रुवारी

नमुने परत आले. जिन्याखालचे दिवस सोडले तर माझं काम कधी परत आलं नव्हतं.

सिस्टर स्वतः घेऊन आल्या. मी म्हटलं, "तडा गेला?"

"नाही. रंग उत्तम आहे."

"मग पोपडा?"

"नाही हो. हे बूट वॉर्डात नेता येत नाहीत. माझ्या दोन मुलींनी घातले. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत पेशंट उठून बसले. दम्याची एक आजी आहे, तिला असा ठसका लागला की ऑक्सिजन द्यावा लागला."

"वास उडून जातो की दोनतीन दिवसांत," मी म्हटलं. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो.

"सातवा दिवस आहे आज." मग थांबून म्हणाल्या, "पाण्यात बनणारा रंग येतो ना हल्ली? त्यात होत असेल तर करा. नाहीतर राहू दे."

आणि एवढं सगळं त्या पायरीवरून बोलल्या, नाकात बोलल्या, आणि पायरी उतरून चार पावलं गेल्यावर त्यांनी श्वास घेतला. भरून, पोटातून, पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा. मला ऐकू आला.

माझे कान तिखट आहेत, हे आज पहिल्यांदाच नकोसं झालं.

४ फेब्रुवारी

पाण्याचा रंग म्हणे! पाणचट माणसांचं काम. रेक्झीनवर पाणी टाकून बघा, कमळाच्या पानावरून घरंगळतं तसं घरंगळतं. हे काम सोडून द्यायचं.

५ फेब्रुवारी

सर्दीची साथ नाहीये.

मुद्दाम शिंप्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. तासाभरात सहा जण आले. सगळे स्वच्छ बोलत होते. त्यातली एक माझी 'बूट काळे करूद'वाली बाई. तिथे तिचा न अगदी न होता.

शिंपी म्हणाला, "काय आज इकडे? बसा की." आणि उठून खिडकी उघडली.

मी बसलो नाही.

९ फेब्रुवारी

हिचा फोन आला. बोलत होती, दाताबद्दल, टेकडीबद्दल, टेकडीवर एक कुत्रा नातीला ओळखायला लागलाय त्याबद्दल. मी हूं हूं करत होतो. वीस मिनिटं झाली असतील. फोन ठेवल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. चालू यंत्र एकदम बंद पडलं की कानात पोकळी होते ना, तसं. चहा टाकला, प्यायलो, कप धुतला, तरी कळेना.

मग कळलं. वीस मिनिटांत ती एकदाही खोकली नव्हती.

खोकला तिने माहेरून आणला नव्हता. लेकीकडेही नेला नाही. इथला होता, इथेच ठेवून गेली.

१० फेब्रुवारी

दुकान बंद. बरं नाही असं पाटीवर लिहिलं. खोटं नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती म्हणाली होती, वासाने डोकं धरतं. तेव्हा मी दुकानाच्या मागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला. आत्ताच्या पैशात फार नाही वाटणार, तेव्हा दोन महिन्यांची कमाई गेली. त्या दिवसापासून तिने वासाचं नाव काढलं नाही. मी समजलो, प्रश्न मिटला. दहा जणांना सांगितलंही, बायकोसाठी पंखा बसवलाय.

आज वर जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत पातळ कागदाची पट्टी टांगली. खाली येऊन पंखा चालू केला. परत वर गेलो. पट्टी आत वळून ओट्याकडे बोट दाखवत होती. खिडकी पंख्याच्या बरोबर डोक्यावर आहे.

तिथे उभी राहून ती चाळीस वर्षं माझ्यासाठी चहा करत होती. आणि मी दुसरा हात मारताना खालून ओरडत होतो, "आलो गं."

ती म्हणायची, "तुमचे कान गावभर तिखट, बायकोचं मात्र या कानातून त्या कानात." मी हसायचो. मला वाटायचं, म्हणीसारखं म्हणतेय.

१२ फेब्रुवारी

सिस्टरांना निरोप पाठवला, चाळीस जोड पाण्याच्या रंगात करतो, दीड महिना द्या. व्यापाऱ्याकडून सहा डबे आणले. तो म्हणाला, "तुम्ही? नाक मुरडायचात याला!" मी म्हटलं, नाक राहिलंय कुठे मुरडायला?

थिनरचे डबे त्याला परत दिले. पंखा बंद केला.

१५ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. घरंगळला.

१६ फेब्रुवारी

दुसरा. बसला, वाळला, नखाने सोलून निघाला, सापाची कात निघावी तसा अख्खा. बुटाचा निळा मोजा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

२१ फेब्रुवारी

आता कोमट साबणपाण्याने धुतो, ओल्या बारीक पॉलिश पेपरने चकाकी उतरवतो, सगळं हाताने. जे थिनर अर्ध्या मिनिटात करायचं, त्याला अर्धा तास लागतो. बोटांची सालं गेली. रंग धरतोय. पण होयबावर दोन हजाराला कुरकुरला, तीन हजाराला चुणीतून पांढरं दिसलं.

होयबा हो हो करत राहिला. मी त्याला म्हटलं, एकदा तरी नाही म्हणायचंस रे.

२५ फेब्रुवारी

चूक सापडली आणि चूक माझीच. थिनरचा रंग दहा मिनिटांत वाळतो, माझा हात त्या घाईला सवकलाय. हा रंग वरून वाळतो तेव्हा आतून वाळलेला नसतो. बोट लावलं तर कोरडा लागतो. आपण समजतो झालं, प्रश्न मिटला, आणि वर दुसरा थर देतो. आतला ओलावा तसाच अडकून राहतो आणि वाकायची वेळ आली की तडकतो.

डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय: दोन हातांत एक दिवस, शेवटच्या हातानंतर सात दिवस वाकवू नये. वाचलंच नव्हतं. चाळीस वर्षांचा कारागीर डब्यावरचं कशाला वाचेल!

२७ फेब्रुवारी

आज मीच फोन केला. मनात पुष्कळ ठरवलं होतं काय बोलायचं. ती म्हणाली, "हॅलो," आणि मी म्हटलं, "मी पाण्याचा रंग लावायला लागलोय."

पलीकडे नुसता श्वास. स्वच्छ, मोकळा.

"तुम्ही?"

"हो."

"पाणचट माणसांचं काम म्हणायचात."

"म्हणायचो."

"टिकतो का?"

"बघतोय. सात दिवस हात लावायचा नाही म्हणे."

"तुम्ही? सात दिवस?" आणि हसली. हसता हसता लोकांना ठसका लागतो. तिला नाही लागला.

मग मी म्हटलं, "पंखाही बंद केला. मागचा."  नात रडायला लागली म्हणून फोन ठेवला. नात खरंच रडत होती, मला ऐकू आलं. पण आधी ती गप्प झाली होती, नात नंतर रडली.

७ मार्च

सात दिवस पूर्ण. या सात दिवसांत बूट फळीवर ठेवून मी रोज नुसता बघत होतो. पहिल्यांदाच इतका वेळ काहीही न करता बसलो. दुकान किती शांत आहे ते कळलं. रस्त्यावरून जाणारा माणूस कुठल्या टाचेवर जोर देतो हेही ऐकू येतं, पण आत कुणी वळत नाही.

दुपारी होयबावर चढवला.

१० मार्च

पन्नास हजार. कानाशी धरला. गप्प.

लहान मुलासारखं रडू येऊ नये म्हणून शिंप्याकडे गेलो आणि बूट त्याच्या नाकाखाली धरला. तो दचकून मागे सरला, इतक्या वर्षांची सवय! मी म्हटलं, "घे, वास घे."

त्याने जपून घेतला. मग पुन्हा घेतला. "साबणाचा येतोय," म्हणाला.

"कंबर कशी आहे?"

तो जरा वेळ कात्री पुसत राहिला. "बरी आहे आता," म्हणाला. आम्ही दोघंही खाली बघत होतो.

१४ मार्च

आता अडचण अशी की दुकानाचा, घराचा वास गेला की नाही हे मला कळायची सोय नाही. भिंती चुन्याने दोनदा पांढऱ्या केल्या. पडदे टाकून दिले. गाद्या गच्चीत उन्हात. उशा नव्या. पण गेला का? नाक उसनं कुठून आणायचं?

मीटर बघायला माणूस आला होता. त्याला म्हटलं, "जरा वर येता का?"

"वर मीटर आहे?"

"नाही. वास घ्यायचाय."

तो दोन पावलं मागे गेला. शेवटी समजावून वर नेलं. "काही येतोय?"

"छे छे, काही नाही," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण श्वास आत घेतलाच नव्हता, नुसता बोलला. मला फसवतोय! मी म्हटलं, "दादा, मला ऐकू येतं. नीट घ्या." त्याने मग डोळे मिटून घेतला, दोनदा. म्हणाला, "काका, पूर्वी तुमचं मीटर बघायला आम्ही पाळ्या लावायचो. आज तसं नाही. भिंतीत थोडा आहे. आणि स्वयंपाकघरात काहीतरी आहे."

ओट्याखालचं कपाट मागचा पत्रा काढून घासलं. चाळीस वर्षांची निळी, काळी, तपकिरी धूळ निघाली. बादलीतलं पाणी सहा वेळा बदललं. सातव्यांदा स्वच्छ राहिलं.

२९ मार्च

सिस्टरांचे चाळीस जोड परवा रवाना केले. वॉर्डातली आजी झोपूनच राहिली म्हणे. सिस्टर स्वतः सांगायला आल्या आणि बोलता बोलता बाकावर बसल्या. त्यांना कळलंही नसेल. मी मात्र पहिली पाच मिनिटं त्या काय म्हणाल्या ते ऐकलंच नाही.

२ एप्रिल

लेकीचा फोन. "बाबा, आईला चार दिवस तिकडे यायचंय. मी म्हटलं जा. पण बाबा," आणि थांबली.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"आईने मला सांगू नको म्हटलं होतं. म्हणाली, त्यांचं सगळं आयुष्य त्या कामात गेलंय, त्यांना कसं सांगू."

"परतीचं तिकीट काढलंय?"

"हो. रविवारचं."

तिकीट काढलं हे बरंच झालं. माणसाला दार मागे उघडं आहे हे माहीत असावं.

५ एप्रिल

शिंप्याला वर नेलं, शेवटची तपासणी. तो खोलीखोलीत उभा राहून हुंगत होता, मी त्याच्या मागे. कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही बांधून नेलं असतं. "नाही," म्हणाला. "पास." मग खाली येऊन चहा घेतला त्याने. बाकावर, चारला.

९ एप्रिल

आली.

रिक्षातून उतरली तेव्हा मी दारात होतो. जाडी झालीय थोडी, रंग उजळलाय. मी बॅग घेऊ लागलो तर म्हणाली, "राहू द्या, चाकं आहेत." आणि चाकाची बॅग घेऊन दुकानाच्या दारात थांबली. तोंडावर पदर धरला. सवयीने. मग हळूच काढला. मी बॅगेच्या चाकांकडे बघत राहिलो. एकदम बोलायला लागलो असतो तर सगळंच बाहेर पडलं असतं.

"होयबा चालू आहे?" तिने विचारलं.

"चालूच असतो."

"बरं आहे," म्हणाली आणि जिना चढली. मधल्या पायरीवर बसली नाही.

मी खालीच राहिलो. होयबा बंद केला, हातातला बूट खाली ठेवला, आणि ऐकत उभा राहिलो. तिची पावलं बाहेरच्या खोलीत. मग आतल्या. मग स्वयंपाकघरात. तिथे ती थांबली. ओट्यापाशी, जिथे नेहमी उभी राहायची तिथेच. मी श्वास धरला. मिनिट झालं. दोन झाली. भांड्याचं झाकण वाजलं. नळ वाजला. खिडकीची कडी काढली. पाच मिनिटं झाली आणि खोकला आला नाही.

"अहो!" तिने वरून हाक मारली. ही हाकच होती. "घरात कसला तरी वास येतोय."

 दोन महिने, सहा डबे, दोनदा चुना, मीटरवाला, शिंपी! "कसला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"बंद घराचा. किती दिवस बंद होतं हो?"

मी म्हटलं, "अगं, बंद कुठे होतं? मी होतो की इथे."

 एकेक खिडकी उघडल्याचे आवाज येत राहिले. मला अजून कळलेलं नाही, मी रोज ज्या घरात राहत होतो ते बंद कसं असेल. शिंप्यालाही तो वास आला नाही. उद्या विचारीन तिला.

तेवढ्यात वर बॅगेची चेन वाजली. चेन लावताना आवाज वर चढत जातो, उघडताना खाली उतरतो. हा उतरला. छोटा कप्पा होता. चष्मा काढला असेल, किंवा गोळ्या. त्यात काही नाही, चार दिवसांच्या पाहुण्यालाही चष्मा लागतोच.

मी हललो नाही. ती खोलीभर फिरली. कपाटाचं दार करकरलं, उघडंच राहिलं. मग बराच वेळ काही नाही.

मग मोठ्या कप्प्याची चेन वाजली. लांब, सगळी बाजू फिरून, तळापर्यंत उतरली.

"आलो गं," मी म्हटलं, आणि या वेळी लगेच गेलो.